एका ठोक्याची वही

एक चष्मा, पेन्सिलीने काढलेला. जरा वाकडा.

इथे खोकून घ्यावे. पुढे सोय नाही.

डॉक्टर घाई करतात. त्यांच्या नादी लागू नये.

मुलगी झोपली.

थंडी. आतून स्वेटर.

खोटं! ३६.

मुलगी परत झोपली.

नाक पुसून मगच उभे राहणे.

आता.

मित्रांनो, ही सगळी माझ्या अंगावरची अक्षरं. निदान या वर्षापर्यंत तरी होती. मी एक जुनी वही आहे. मोठ्या वाद्यवृंदात झांज वाजवणाऱ्याच्या पुढे, लोखंडी स्टँडवर, उघडून ठेवतात ती. पानं चार. पहिल्यावर नुसतं नाव, शेवटचं कोरं. उरलेल्या दोन पानांत ठोका एकच. बाकी सगळीकडे एकच आज्ञा: गप्प राहा.

तुम्ही म्हणाल, एका ठोक्यासाठी वही कशाला? अहो, ठोका लक्षात राहतो. गप्प किती वेळ राहायचं, ते लिहून ठेवावं लागतं.

आमच्यात गाणं छोट्या छोट्या घरांत वाटलेलं असतं. एका घरात चार मात्रा. वाजवायचं असेल तर घरात स्वर लिहितात. वाजवायचं नसेल तर घरं एकत्र बांधतात आणि वर आकडा टाकतात. वाजवणारा मनात म्हणत राहतो: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. पहिला आकडा घराचा, म्हणून तो बदलतो. मोजता मोजता डास चावला तरी चालतं. आकडा सुटला तर चालत नाही.

माझा जन्म छापखान्यातला. धातूच्या पत्र्यावर एकेक खूण ठोकून, तीही उलटी, मग शाई, मग जाड पिवळसर कागद आणि मधोमध दोरा. आम्ही बासष्ट भावंडं एका गठ्ठ्यात निघालो. व्हायोलिनच्या वह्या गुटगुटीत. गाणाऱ्यांच्या वह्या तर काय, प्रत्येक ओळीखाली जुन्या भाषेतल्या प्रार्थनेचे शब्द, त्यामुळे त्या आधीपासूनच पुण्यवान असल्यासारख्या वागायच्या. मला सगळ्या म्हणत, "ही बघा, आपली उपाशी बहीण."

म्हणू द्या. ती प्रार्थना पाऊण तास चालते. ऐंशी माणसं आणि पन्नास वाद्यं ज्या क्षणासाठी अर्धा तास चढ चढतात, तो क्षण माझ्याकडे आहे. तिथे सगळे मिळून एकच शब्द गातात. त्याचा अर्थ आहे 'ऐक'. आणि त्याच शब्दावर झांज.

आता माझं व्यंग सांगते. लपवून काय उपयोग? त्या ठोक्याआधी छत्तीस घरं गप्प राहायचं असतं. माझ्यावर छापलं आहे चौतीस.

दोन घरांनी काय बिघडतं? सांगते. ही घरं साधी नाहीत. सूर तीनदा फुगतो, तीनदा ओसरतो. चौतिसाव्या घरात तो असा भरून येतो, की दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही वाटावं, झालं, आता फुटणार! आणि तिथेच रचनाकाराने सगळ्यांना थांबवलं आहे. दोन घरं फक्त श्वास. त्यानंतर 'ऐक'.

माझा पहिला वादक बेकरीवाला होता. पिठाच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या कोपऱ्यावर आहे. त्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे चौतीस मोजले आणि त्या शांततेत झांज हाणली. वरच्या सज्ज्यातल्या एका बाईंच्या हातून दुर्बीण खाली पडली. गाणारे निम्मे 'ऐक' म्हणाले, निम्मे बघत राहिले. गावात पुढची कित्येक वर्षं पाव घेताना लोक बोटांवर मोजत विचारायचे, "किती दिलेत? मोजता येतं ना?" त्याने झांज सोडली ती सोडलीच.

मग आले घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मोजण्यात कुणाच्या बापाला ऐकणारा नव्हे. पहिल्याच तालमीत त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. काठीने ताल दाखवणाऱ्या संचालकांची मोठी वही मागून घेतली, त्यात सगळ्यांचे सूर एकाखाली एक असतात. बोट ठेवून घरं मोजली, पुन्हा मोजली. मग पेन्सिल काढून माझ्या चौतिसावर अशी दाबून काट मारली, की मागच्या पानाला वळ उठला. शेजारी लिहिलं: खोटं! ३६.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेकरीत गेले आणि म्हणाले, "तुमचं चुकलं नव्हतं. वहीच चुकीची आहे." बेकरीवाल्याने भट्टीकडे तोंड केलं, ते बराच वेळ वळवलंच नाही. मग त्यांच्या हातात गरम पाव ठेवला.

सव्वीस वर्षं घड्याळजी माझ्यापुढे उभे राहिले. दर दोन-तीन वर्षांनी ही प्रार्थना व्हायची आणि मोजता मोजता ते माझ्यावर काहीबाही लिहायचे. तो चष्मा म्हणजे 'इथे संचालकांकडे नीट बघ'. पुढच्या रांगेत झोपलेली मुलगी त्यांची. ती दर वेळी हौसेने यायची, दर वेळी झोपायची आणि झांज वाजली की दचकून जागी व्हायची. त्यामुळे झांजेनंतरचं सगळं तिला तोंडपाठ होतं. आधीचं काही नाही.

नंतर सभागृहाचं छप्पर गळू लागलं. दुरुस्ती लांबली. आठ वर्षं मी कपाटात होते. कसर लागली, दोरा सैल झाला. व्हायोलिनच्या गुटगुटीत वह्यांची तर कसरीने चाळण केली. माझ्यात खाण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी वाचले.

या वर्षी दार उघडलं. कपाट आता चित्रकलेच्या निवृत्त बाईंकडे सोपवलं होतं. गाणाऱ्यांमध्ये त्यांचा आवाज खालचा, आणि स्वच्छतेचा सोस फार वरचा. त्यांनी आम्हाला उन्हात ठेवलं, ब्रश फिरवला, दोरा बदलला. इतक्या प्रेमाने मला कुणी हाताळलं नव्हतं. आणि मग, मित्रांनो, त्यांनी खोडरबर काढला. मऊ, पांढरा. चष्मा गेला. खोकला गेला. स्वेटर गेला. खोटं गेलं आणि छत्तीसही गेलं. खालून छापलेलं चौतीस लख्ख होऊन वर आलं. बाईंनी फुंकर मारली, मला उजेडात धरलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "बघ, कशी नवी नवरी दिसतेस."

त्याच आठवड्यात घड्याळजी भिंतीवरचं घड्याळ काढताना स्टुलावरून पडले. उजवा हात मनगटात मोडला. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरंशुभ्र प्लॅस्टर.

"ठोका गाळून टाकू," संचालक म्हणाले.

"माझा गळा कापा त्यापेक्षा," घड्याळजी म्हणाले. "माझी मुलगी वाजवेल."

मुलगी आता बस चालवते. पंधरा वर्षं झाली. दंड भरदार, नजर रस्त्यावर, तोंडाने फटकळ. तिला दुकानात बोलावून घड्याळजींनी डाव्या हाताने भांड्यांची दोन झाकणं पुढे केली.

"समोरासमोर आपटायची नाहीत. एक खालून, एक वरून. घासून जायला पाहिजेत."

धडाम्. शेजारचा शिंपी सुई घेऊनच बाहेर आला.

"बाबा, हे मला कशाला? माझ्या हातात स्टिअरिंग शोभतं."

"मोजता येतं ना तुला?"

"रोज बेचाळीस थांबे मोजते. एक चुकला तर प्रवासी माझे केस उपटतील."

"मग झालं. बाकी सगळं वहीत लिहिलंय. नीट वाच आणि तसंच कर. आपल्या मनाचं काही घालू नकोस."

"वही द्या ना मग."

"बाई कपाटातली वही बाहेर देत नाहीत. तालमीला स्टँडवर मिळेल."

इथेच मेख होती. त्यांना वाटलं, छत्तीस वहीत आहे. तिने स्टँडवर वही उघडली, तिला चौतीस दिसलं. दोघांचंही समाधान झालं. मी मधे पडून काय करणार? मला तोंड नाही.

तालमीत चूक उघडी पडायला हवी होती. पण अठ्ठाविसाव्या घरात पुरुषांचा वरचा आवाज घसरायचा. संचालक थांबायचे, कपाळाला हात लावायचे, "पुन्हा!" म्हणायचे. पुन्हा अठ्ठावीस, पुन्हा घसरण. मग वेळ संपत आली की ते सरळ 'ऐक'च्या शब्दापासून सुरू करायचे. काठी खाली, झांज, धडाम्! "वा! वडिलांची गादी चालवणार तुम्ही!" संपूर्ण छत्तीस घरं एका दमात कुणी एकदाही गायली नाहीत.

तालमीहून निघताना मुलगी शेजारच्या दंतवैद्यांना म्हणाली, "माझ्या बसचा कंडक्टर बेल तरी मारतो. तुमचे संचालक नुसती काठी हलवतात." हे दंतवैद्य दोन मोठे नगारे वाजवतात. ते म्हणाले, "झांजेकडे ते बघतच नाहीत. सव्वीस वर्षं तुमचे वडील होते. वेळ आली की झांज वाजते, हे त्यांनी गृहीत धरलंय."

गाण्याचा दिवस रविवार, दुपारी चारची वेळ. नव्या छपराच्या खिडक्यांतून ऊन थेट रंगमंचावर आणि पुढच्या रांगांवर येत होतं. आधी सिंफनी, म्हणजे नुसत्या वाद्यांची चार भागांची रचना, मग मध्यंतर, मग प्रार्थना.

सिंफनीत झांज नाही. मुलगी मागच्या उंच पायरीवर, माझ्याजवळ बसून होती. मित्रांनो, मी कितीतरी सिंफन्या ऐकल्या, पण त्या दिवशी तिच्यामुळे ऐकली. सुरुवातीला तिने जांभई दिली, जुनी सवय. मग जाड आवाजाचे चेलो चालू लागले, आणि तिचा उजवा पाय हळूच वेग देऊ लागला. वळण आलं की ती थोडी कलायची. दुसरा भाग संथ होता. तिथे तिने खिडकीबाहेर पाहिल्यासारखं पाहिलं. तिसऱ्यात बासऱ्या एकमेकींना ओव्हरटेक करू लागल्या, तेव्हा ती तोंड दाबून हसली. आणि चौथ्या भागात दंतवैद्यांनी नगाऱ्यांवर जे काही केलं, ते पाहून तिने शेवटी त्यांच्या कानात म्हटलं, "डॉक्टर, दाढ काढताना असंच करता का?" लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. डॉक्टर घामाघूम, खुशीत.

मध्यंतरातलं मला नंतर कळलं, ते इथेच सांगते.

चहाच्या रांगेत बाई घड्याळजींना भेटल्या. काळा पोशाख, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल.

"वह्या पाहिल्यात का? आरशासारख्या करून ठेवल्यात."

"छान केलंत," घड्याळजी म्हणाले. "कसर फार लागली होती."

"कसर राहू द्या, लोकांनी गिरगटून ठेवलं होतं! तुमची तर कमाल आहे. 'मुलगी झोपली', 'मुलगी परत झोपली'. झांजेच्या वहीत लिहायची गोष्ट आहे का ही?"

घड्याळजींच्या बशीत चहा सांडला. "पुसलंत?"

"सगळं."

"आकडापण?"

"कुठला आकडा?"

तेवढ्यात घंटा झाली. बाई लगबगीने गाणाऱ्यांच्या रांगेत निघून गेल्या. घड्याळजी रंगमंचामागच्या दाराकडे धावले. धावले म्हणजे, सत्तरीचा माणूस प्लॅस्टर सांभाळत जितका धावेल तितके. दारात पहारेकरी.

"आजोबा, आता आत नाही. फक्त कलाकार."

"मी कलाकारच आहे!"

"मग वाद्य कुठाय?"

"आत आहे. मुलीच्या हातात."

"मग मुलगी कलाकार," पहारेकरी समजुतीने म्हणाला. "तुम्ही बसून ऐका. छान गातात म्हणे."

आत ऐंशी माणसं उभी राहिली. पायऱ्या करकरल्या. दिवे मंद झाले. घड्याळजी चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर येऊन बसले.

प्रार्थना सुरू झाली. हळू, जणू कुणी झोपलेल्या घरात पाऊल टाकतंय. वर, अजून वर. आणि मग माझ्या पानावरचा तो आकडा आला. मुलगी उभी राहिली. झांजेच्या चामडी पट्ट्यांत तिने हात अडकवले. ओठ हलू लागले.

एक-दोन-तीन-चार. दोन-दोन-तीन-चार.

सातवं घर. बायकांचे वरचे आवाज एकटे. खिडकीतलं ऊन बाईंच्या चष्म्यावर.

अकरा-दोन-तीन-चार. पहिली लाट येते. ओसरते. तिचा आकडा हलत नाही.

एकोणिसावं घर. दुसरी लाट. मी ओरडून सांगावं असं मला वाटतं. कागद फार तर फडफडतो.

अठ्ठावीस-दोन-तीन-चार. पुरुषांचा वरचा आवाज येतो आणि, काय सांगू, घसरत नाही! चक्क टिकतो! संचालकांचा चेहरा उजळतो, ते पूर्ण वळून त्या रांगेकडेच बघत राहतात.

एकतीस. तिसरी लाट. पायाखालची फळी थरथरते.

तेहेतीस-दोन-तीन-चार. तिने झांज वर घेतली. एक खाली, एक वर, अगदी शिकवल्यासारखी.

चौतीस-दोन-

चौथ्या रांगेत एक हात वर झाला. पांढराशुभ्र, कोपरापासून बोटांपर्यंत सरळ, उन्हात चकाकणारा.

मित्रांनो, हात वर केलेला माणूस तिने पंधरा वर्षांत कधी मागे टाकला नव्हता. विचार करायला वेळच नव्हता. उजवा पाय फळीवर कचकन दाबला गेला. दंड जागीच थिजले. दोन्ही झांजा हवेत, मधे वीतभर अंतर.

सगळं शांत. ऐंशी छात्या भरल्या.

"आजोबा, हात खाली घ्या," मागची बाई कुजबुजली. "दिसत नाहीये."

"दोन घरं थांबा," घड्याळजी म्हणाले.

पस्तीस-दोन-तीन-चार. मुलीची नजर त्या हातावर. हात हलत नव्हता. तिच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला, भुवईत अडकला.

छत्तीस-दोन-तीन-

प्लॅस्टर खाली आलं.

ऐक!

मी खूप वर्षं या कामात आहे. असा ठोका ऐकला नव्हता. वडील कसे वाजवायचे? बरोबर. ही कशी वाजली? दोन घरांचा दाबून ठेवलेला ब्रेक एकदम सुटावा तशी. खिडक्यांच्या काचा खणखणल्या. माझी दोन्ही पानं उडाली आणि मागे पडली. खालच्या आवाजाच्या रांगेतल्या बाई गात होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना तोवर कळलं होतं आकडा कुठला ते. पुढचं सगळं तर मुलीला तोंडपाठच होतं. झांज छातीशी धरून तीही गाऊ लागली. कुणी अडवलं नाही.

टाळ्या थांबल्यावर ती पायऱ्यांवरून उतरली, ती थेट वडिलांसमोर.

"बाबा, तो हात! माझा जीव गेला असता. मला वाटलं, बस थांबवताय."

"थांबवलीच की."

"मी चौतीस मोजलेत. बरोबर मोजलेत!"

"बरोबरच मोजलेस," घड्याळजी म्हणाले. "तुझं चुकलं नाही. वहीच चुकीची आहे."

बाई मागे येऊन उभ्या होत्या. हातात मी. "मी पुसलं," त्या म्हणाल्या. "चांगलं करायला गेले. चष्मासुद्धा पुसला."

घड्याळजी गंभीर झाले. मग ते म्हणाले, "चष्मा वाकडा आला होता हो. एक काच पापडाएवढी, एक बटणाएवढी. तुम्ही चित्रकलेच्या. चांगला काढा एखादा."

बाईंनी अंबाड्यातून पेन्सिल उपसली, सगळ्यांना परत रंगमंचावर नेलं आणि मला नगाऱ्यावर पसरलं.

"इथे अजून काय होतं?"

"इथे? 'डॉक्टर घाई-'"

"काय होतं?" नगाऱ्याला खोळ घालणारे दंतवैद्य वळले.

"'डॉक्टर उत्तम वाजवतात'," घड्याळजी म्हणाले. "लिहा बाई."

आकडा मात्र मुलीने स्वतः लिहिला. चौतिसावर काट मारली, शेजारी छत्तीस. इतकं मोठं, की आता ते सज्ज्यातूनही दिसेल.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. एकच मागणं आहे. जुनी वही हाती आली तर तिची धूळ जरूर झाडा, दोरा बदला, उन्हात ठेवा. पण खोडरबर उचलण्याआधी एकदा वाचा. कळलं नाही तर ज्याने लिहिलं त्याला विचारा. तो बहुधा चार घरं सोडूनच राहत असतो, आणि सांगायला आनंदाने येतो. बाई आता तसंच करतात. परवा त्या बासरीच्या वहीतल्या एका बदकाबद्दल विचारायला सायकल काढून गेल्या होत्या.

छापखान्यातल्या ज्या कारागिराने माझ्या पत्र्यावर छत्तीसच्या जागी चौतीस ठोकलं, त्याला त्याच दिवशी सकाळी पहिली मुलगी झाली होती.